शेंग सोडून उरलेलं

शेंगा गेल्या गुलूच्या बाजारात.
तीळ गेला ट्रकमधून,
कुठल्या बंदराला, ते ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं.
मागं राहिली टरफलं,
मक्याची बुरकुंडं, तुराट्या,
आणि तिळाच्या काड्या, ज्या शेळीसुद्धा हुंगून सोडते.
दरवर्षी आम्ही त्यांना बांधावर पेटवायचो
आणि पाठ फिरवायचो.

यंदा लामुनू आली ड्रम गडगडवत.
तेलाचा जुना ड्रम, तळाला बारा भोकं,
तिनंच खिळा ठोकून पाडलेली, एक वाकडं.
म्हणाली, जाळायचं, पण पुरतं नाही.
धूर पातळ झाला की तोंड दाबायचं.
माझा बाप हसला.
अर्धं आयुष्य त्यानं हेच केलं होतं,
मातीखाली, शिआच्या झाडांना.

शिआचं झाड म्हणजे काय, ते सांगतो.
वीस वर्षं वाट बघायला लावतं,
मग तेल देतं,
बाळाच्या अंगाला, भाजीला, म्हातारीच्या गुडघ्याला.
बाप एका दिवसात दोन पाडायचा.
मी दोरी धरायचो.
आता आमच्या गावात
सावलीचा पत्ता विचारत जावं लागतं.

पहिली खेप ढासळली.
काळा चुरा, कसाव्याची पेज, लोखंडी साचा,
दांडा मी ओढला, वडी बाहेर आली,
आम्ही सगळे वाकून बघतोय तोवर
तिचा पुन्हा चुराच झाला.
दुसऱ्या खेपेत पेज जास्त.
बुरशी धरली,
आणि आर्येमोच्या कोंबड्या अर्धी खेप टोचून गेल्या.
तिसऱ्या वेळी लामुनूनं पेज बोटावर घेतली, चाटली,
म्हणाली, दात न आलेल्या पोराला देतो तेवढी पातळ.
आम्हाला दिलेल्या कागदावर
हे माप नव्हतं.

वडीच्या मधोमध भोक ठेवायचं, जात्याला असतं तसं.
आगीलाही घरात शिरायला
दार लागतं, म्हणे.

चपातीवाला ओक्वेरा पोतं परत घेऊन आला.
पेटायला वेळ लावते. तडतडत नाही.
गिऱ्हाइकाला रस्त्यावरून आग ऐकू यायला हवी.
खरंच होतं त्याचं.
आम्ही काही बोललो नाही, पोतं उतरवून घेतलं.
त्याच रात्री त्याची बायको मागच्या वाटेनं आली
आणि तेच पोतं उचलून घेऊन गेली.
घेवड्याला चार तास लागतात, म्हणाली,
तेवढा वेळ बडबड कोण ऐकणार?
पहाटे तिनं राखेत बोट घातलं
आणि चटका बसला, तो दाखवायला
पुन्हा एवढं अंतर चालत आली.

शेंगा कुणी खाल्ल्या, ते आम्ही विचारत नाही.
टरफलं आमची,
एवढं कबूल.

शनिवारी सोसायटीच्या टेबलावर
बापाला अंगठा उठवायला सांगितला.
कारकुनानं शाईची डबी पुढं सरकवली.
बापानं तिच्याकडं बघितलंच नाही,
सरळ कागदावर अंगठा टेकवला.
सगळ्या रेघा उमटल्या,
कुऱ्हाडीनं कापलेली तिरपी रेघसुद्धा.
कारकून डबी बंद करायची विसरला.

कुऱ्हाड अजून दाराआड आहे.
बाप तिला धार लावत नाही,
आणि विकतही नाही.

ओढ्याकाठी एक शिआ उभं आहे.
त्या दिवशी कुऱ्हाडीचा दांडा मोडला,
म्हणून राहिलं, दुसरं कारण नाही.
खोडावर दोरीचा वण आहे, माझ्या हातचा.
तुराट्यांचा भारा मी तिथंच टेकवतो,
घाम पुसतो.
वर मोहोर आलाय, असं मधमाश्यांवरून कळतं.
मी मान वर करून
फार वेळ बघत नाही.